सफारी राहू द्या, सिपनेच्या काठी थांबा

प्रश्न नागपूरच्या एका ताईंचा आहे. जानेवारीत चार दिवस सुट्टी आहे. सोबत नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. डोंगरातलं एखादं खोरं हवं आहे, जिथे पक्षी दिसतील, पायी फिरता येईल आणि मुलीला तिथल्या माणसांचं जगणंही थोडं कळेल. हिमाचल-उत्तराखंड गाठावं, पाताळकोटला जावं की मेळघाटला? जिप्सी सफारी किती बुक कराव्या? आणि दुर्बीण कोणती घ्यावी?

ताई, मेळघाटला जा. सफारी बुक करू नका; मुलीने हट्टच धरला तर शेवटच्या दिवशी एक घ्या. पहिल्या दोन रात्री खाली सिपना नदीच्या खोऱ्यात, सेमाडोहला किंवा कोलकासला राहा आणि तिसरी रात्र वर चिखलदऱ्याला. बहुतेक लोक आधी चिखलदऱ्याचे सगळे ‘पॉइंट’ उरकतात आणि उरलेल्या वेळात सेमाडोहला डोकावतात. तुम्हाला पक्षी बघायचे आहेत, तेव्हा तुम्ही हा क्रम उलटा करा.

आधी बाकीच्या दोन पर्यायांबद्दल. हिमालयातली वरची खोरी जानेवारीत बर्फाखाली असतात आणि तिथले पुष्कळ पक्षी तेव्हा खाली उतरलेले असतात. नागपूरहून जाण्या-येण्यातच तुमचे चारांतले दोन-तीन दिवस जातील. शिवाय हिमालयात घरटी करणारे काही पक्षी हिवाळ्यात आपल्याच जंगलात मुक्कामाला येतात. निळा-हिरवा नीलांग माशीमार हा त्यातलाच, नदीच्या दगडांवर शेपटी हलवत फिरणारा राखी धोबीही. ते एवढं उडून आपल्या दारात आलेले असताना आपण उलट तिकडे कशाला जायचं?

पाताळकोट मला फार आवडतं. छिंदवाडा-तामिया मार्गे अंतर मेळघाटापेक्षा कमीच पडतं. घोड्याच्या नालेसारखी वळलेली खोल दरी, सरळसोट कडे, तळाशी दूधी नदी आणि भारिया व गोंड लोकांच्या वस्त्या. पण तिथली खरी मजा पायी उतरून खाली जाण्यात आणि पुन्हा वर चढून येण्यात आहे. काही गावांपर्यंत आता रस्ता गेला असला तरी सासूबाईंचा दिवस काठावरच्या कठड्याशी बसूनच जाईल. मुलगी पंधरा-सोळाची झाली की दोघी-तिघांनी जा. तेव्हा त्याबद्दल वेगळं लिहीन.

आता सफारी. मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्र प्रकल्प, १९७३ साली प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. पण ताडोब्यासारखा इथे वाघ रस्त्यावर येऊन उभा राहत नाही. डोंगराळ भाग, दाट झाडी, दऱ्याच दऱ्या. जिप्सीचा चालक बिचारा वाघ दाखवण्याच्या घाईत असतो, इंजिनाचा आवाज आणि धूळ सोबत असते आणि गाडीतून उतरायला बंदी. अशा वेळी झाडाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी तुम्हाला दिसला तरी गाडी थांबेपर्यंत तो गेलेला असतो. पक्षी बघणाऱ्याला चाकांपेक्षा स्वतःचे पाय आणि एखादा सपाट दगड जास्त कामाचा.

रस्ता सोपा आहे. नागपूर-अमरावती-परतवाडा, आणि परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह. सकाळी तर्री पोह्यांच्या नादी न लागता निघालात तर दुपारच्या जेवणाला पोहोचता. अंधार पडण्याआधी जंगलातला रस्ता संपवायचा. रानडुक्कर, गवा, अस्वल, कोण कधी आडवं येईल सांगता येत नाही. परतवाड्यालाच पेट्रोल, रोख पैसे आणि सासूबाईंची औषधं यांची सोय करून घ्या. पुढे मोबाइलला रेंज असली तर असली.

आता खोऱ्यातली सकाळ. हे नीट समजून घेतलंत तर निम्मं काम झालं.

हिवाळ्याच्या रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते, जड होते आणि खाली सरकत खोऱ्यात साचते. त्यामुळे जानेवारीत पहाटे सेमाडोहला कधीकधी वरच्या चिखलदऱ्यापेक्षा जास्त हुडहुडी भरते आणि नदीवर धुकं बसतं. एवढ्या गारठ्यात किडे हालत नाहीत. आणि किडेच हालत नाहीत म्हटल्यावर त्यांच्यावर जगणारे पक्षी तरी लवकर उठून काय करणार? ‘पक्षी बघायचे तर पहाटे पाचला उठा’ हा उन्हाळ्याचा नियम आहे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि खोऱ्याच्या तळाशी ऊन यायला आणखी वेळ लागतो. तेव्हा सासूबाईंचा चहा निवांत होऊ द्या.

मग ऊन आधी कुठे पडतं ते बघा. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर, म्हणजे खोऱ्याच्या पश्चिम बाजूला, शेंड्यांवर पहिला पिवळा पट्टा येतो आणि तो हळूहळू खाली उतरतो. त्या पट्ट्यासोबत किडे जागे होतात आणि किड्यांमागे पक्षी येतात. आदल्या संध्याकाळीच अशी एक जागा हेरून ठेवा आणि सकाळी तिथे जाऊन नुसते उभे राहा. अर्धा तास काहीच घडणार नाही. मग एकाएकी सगळं झाड भरून जाईल.

कारण हिवाळ्यात किडेखाऊ पक्षी एकेकटे कमी आणि मिश्र थव्याने जास्त हिंडतात. शेंड्यावर लालभडक निखार आणि छोटे गोमेट, मधल्या फांद्यांवर सुभग आणि रामगंगा, खोडावर डोकं खाली करून उतरणारी शिलिंध्री, एखादा सुतार, खालच्या झुडपात पंखा पसरून नाचणारा नाचण. आणि या सगळ्यांच्या मागे भृंगराज, शेपटीची दोन लांब पिसं मिरवत. तो इतरांनी उठवलेले किडे आयतेच टिपतो. दुसऱ्या पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका हुबेहूब काढून त्यांना पळवून लावतो आणि त्यांचा घास पळवतो, असा त्याचा लौकिक आहे. मुलीला थवा दिसला की सांगा, एकेका पक्ष्याचं नाव शोधू नकोस, आधी कोण कुठल्या मजल्यावर आहे ते बघ. नाव नंतर पुस्तकात सापडतं. कोण कुठे बसतो हे मात्र तिथेच बघावं लागतं. आणि थवा पुढे गेला तर त्याच्या मागे धावायचं नाही. तो एका ठरावीक पट्ट्यात फिरत असतो, पुष्कळदा पुन्हा त्याच झाडावर येतो.

दुसरी गोष्ट झाडांची. मेळघाट म्हणजे सागाचं रान, पण नुसत्या सागात पक्षी कमी. मोठी राठ पानं, त्यात खायला फारसं काही नाही. गर्दी असते ती नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात, अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर असतात तिथे. पिकलेल्या फळांचं एक उंबर किंवा वड सापडला की दिवस सार्थकी लागला समजा. तिथे सासूबाईंना घडीची खुर्ची टाकून द्या. धनेश, कुटुर्गा, तांबट, हळद्या आणि हरियाल यांची तिथे ये-जा चालू राहते. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी. नशीब असेल तर शेकरू, म्हणजे राज्यप्राणीही, जवळच्याच झाडावर लांबलचक शेपटी सोडून बसलेला दिसेल. गुडघे दुखत असलेल्या माणसाला चालणाऱ्यांपेक्षा जास्त पक्षी दिसल्याचं मी पुष्कळदा बघितलं आहे. त्यांच्याकडे दुर्बीण मात्र हवी. चालणाऱ्यांनी दोन्ही दुर्बिणी घेऊन जाऊ नये.

सकाळी साडेदहा-अकरानंतर रान शांत होतं. जेवा, झोपा. चारनंतर नदीवर. खंड्या, तुतवार, धोबी. अंधार पडायच्या बेताला मासे धरणारं मोठं घुबड काठच्या झाडावर येऊन बसतं. त्याची हाक छातीत घुमते. मुक्कामाच्या संकुलाच्या अंगणातून ऐकू येईल तेवढं पुरे, रात्री नदीकाठी भटकायचं नाही.

रानपिंगळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मेळघाटचं नाव निघालं की तो विषय निघतोच. १८७३ साली पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी या घुबडाचं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ताच लागला नाही. मधल्या काळात १९१४ सालचा म्हणून एक नमुना दाखवला जात होता. तो मायनरट्सहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातून जुना नमुना चोरून खोटी चिठ्ठी लावून बनवलेला निघाला. त्यामुळे लोक पुष्कळ वर्षं भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. शेवटी नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला, ११३ वर्षांनी. मग मेळघाटातही सापडला.

गंमत म्हणजे हे घुबड दिवसा, भर उन्हात शिकार करतं. विरळ साग आणि मध्ये शेताची किंवा गवताची मोकळी जागा असेल तिथे उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे झटकत राहतं. आपल्या नागपुरात कुठेही दिसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याशी त्याची गफलत होते. डोकं बघा. नेहमीच्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. अंगाने तो जाडजूड, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि छातीवर गडद तपकिरी.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. मोबाइलवर त्याची हाक वाजवू नका. वाटाड्याने ‘वाजवू का साहेब’ म्हणून विचारलं तरी नको म्हणा. ऑक्टोबर ते मे हा त्याच्या विणीचा काळ, म्हणजे जानेवारी त्यातच आला. हाक ऐकून नर घरटं सोडून परक्याला हुसकवायला येतो, तुमचा फोटो निघतो, आणि त्याची सकाळ वाया जाते. पक्षी ओळखायला मर्लिन ॲप उत्तम आहे, पण ऐकण्यापुरतं. आवाज बंद करून वापरा.

पायी फिरण्याचे नियम. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगी आणि सोबत स्थानिक वाटाड्या असल्याशिवाय पायी शिरता येत नाही. कोणत्या वाटा सध्या खुल्या आहेत ते मुक्कामाच्या ठिकाणी वनरक्षकाला विचारा. परवानगी मिळाली नाही तरी हिरमुसू नका. संकुलाची आवारं, गावाच्या कडेची शेतं, गावातून नदीवर जाणारी पायवाट, एवढ्यात दोन सकाळी सहज जातात. लोक वाघाला भितात, पण पायी चालणाऱ्याला खरी भीती अस्वलाची असते. त्याला दिसतं कमी, तंद्रीत चालत येतं आणि अचानक समोरासमोर आलं की घाबरून हल्ला करतं. म्हणून दाट झुडपाच्या वळणावर थोडं बोलत चला, मुलीला पुढे पळू देऊ नका आणि वाटाड्या थांबला की थांबा. भडक पिवळे-लाल स्वेटर घरी ठेवा.

तिसऱ्या दिवशी सकाळचा फेरफटका उरकून वर चिखलदऱ्याला. दरीचा तळ आणि पठार यांच्या उंचीत पाचशे मीटरहून जास्त फरक आहे, त्यामुळे पक्षीही बदलतात. कड्यांशी राखी-तपकिरी पाकोळ्या, गवताळ उतारावर तुरेवाला युवराज, हवेत एका जागी थरथरत उभी राहणारी खरूची. इथे मात्र उशिरा जायचं. ऊन तापून कड्यावरून हवा वर चढू लागली की गरुड-घारी त्यावर स्वार होतात, तुम्ही काठावर असाल तर कधीकधी त्यांची पाठ दिसते. सर्पगरुडाची शीळ आधी ऐकू येते.

बाकी पॉइंट सोडून द्या, गाविलगड सोडू नका. पंधराव्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहाने बांधलेला किल्ला, आणि नागपूरकरांशी त्याचा जवळचा संबंध. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तो भोसल्यांकडून घेतला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघुजींना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. किल्ल्याच्या तटावर बसून मुलीला हे सांगा. पडक्या तटावर थिरथिराही दिसेल, हिवाळी पाहुणा, शेपटी सतत थरथरवणारा. चिखलदऱ्यात कॉफी पिकते, हे नागपुरातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. गवळ्यांच्या खव्याबद्दल तर सांगायलाच नको. तो परतीच्या डब्यात जाणारच.

माणसांबद्दल तुम्ही विचारलंत हे मला सगळ्यात आवडलं. मेळघाट मुख्यतः कोरकूंचा. नागपुरात राहून आपल्याला गोंडी माहीत असते, शहर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंडच, त्यामुळे आदिवासी म्हटलं की आपण गोंडच धरून चालतो. कोरकू भाषा मात्र वेगळ्याच कुळातली, मुंडा. तिच्या बहिणी म्हणजे झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारी, आणि त्या कुळातली ही सगळ्यात पश्चिमेची. म्हणजे मराठी, हिंदी, गोंडी यांपैकी कुणाशीच नातं नाही. मुलीने वाटाड्याला पाच पक्ष्यांची कोरकू नावं विचारून वहीत लिहावीत. मी हे मुलांना नेहमी सांगतो, कारण त्या क्षणापासून वाटाड्या नोकर राहत नाही, गुरुजी होतो.

कोरकू गाव बघताना घरांची मांडणी बघा. मधे रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी. बांबूच्या ताट्यांना माती लिंपलेल्या भिंती. वेशीजवळ मुठवा, म्हणजे गावाचा राखणदार देव. काही ठिकाणी पूर्वजांच्या आठवणीसाठी कोरलेल्या सागाच्या फळ्या असतात, चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार काढलेल्या. त्यांना हात लावायचा नाही आणि विचारल्याशिवाय फोटो नाही. घरात बोलावलं तर जा, नाही बोलावलं तर अंगणातून राम राम करून पुढे व्हा.

सगळ्यात चांगली जागा आठवडी बाजार. तुमच्या चार दिवसांत जवळपास कुठल्या गावचा बाजार भरतो ते पोहोचल्यावर विचारा आणि त्याप्रमाणे एक दुपार मोकळी ठेवा. कोदो, कुटकी, मध, आवळे, बांबूच्या टोपल्या असं काहीबाही घ्या, घासाघीस न करता. ‘आदिवासी नृत्य’ ठरवून समोर नाचवून घेण्याच्या मी विरोधात आहे. गदली-सुसुन बघायचं तर होळीच्या दिवसांत या. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसं तेव्हा घरी परततात, रस्त्यात अडवून फगवा, म्हणजे होळीची देणगी, मागतात, मेघनाथाची पूजा होते. तेव्हा पळस आणि काटेसावरही फुललेली असते, आणि त्या फुलांवर मैना-बुलबुलांची झुंबड. पण तो प्रवास वेगळा, आणि उन्हाचाही.

एक विनंती अजून. कुपोषणाच्या बातम्या वाचून लोक गाडीभर बिस्किटं, चॉकलेट, जुने कपडे नेतात आणि काच खाली करून वाटतात. असं करू नका. रस्त्यावर गाडीमागे धावणारी पोरं त्यातूनच तयार होतात. पैसा द्यायचा तर वाटाड्याला पूर्ण मजुरी द्या, गावातल्या बाईकडून जेवण करून घ्या, बाजारात खरेदी करा. मुलीला तिच्या वयाच्या पोरांशी खेळू द्या, तेवढ्याने दोन्हीकडे बरं होतं.

राहता राहिली दुर्बीण. ८ x ४२ (आठपट, ४२ मिलिमीटरचं भिंग) घ्या, १० x ४२ नको. दहापटीत हात हलला की पक्षी हलतो, मुलांना तर तो सापडतच नाही. फार महागडी नको. तिच्यासाठी आठपटीतलीच लहान, हलकी चालेल. निघण्याआधीचे दोन रविवार अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात किंवा गोरेवाडा तलावाच्या काठी घालवा. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची, एवढाच सराव. साधा दयाळ, कोतवाल, टकाचोर न अडखळता दुर्बिणीत येऊ लागले की झालं.

आणि बुकिंग आजच करा. सेमाडोह-कोलकासच्या खोल्या थोड्या आहेत, त्या व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून मिळतात. जमल्यास सोमवार ते गुरुवार जा, कारण २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की चिखलदऱ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि दरीत हॉर्नशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही.